कुसुमवन्सं झोपेत गेल्या

फोन रश्मीचा होता. "मामी, आई उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली... आणि मग नुसता श्वास ऐकू येत राहिला. मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. पलीकडचं माणूस गप्प झालं की ते रडतंय, चिडलंय की खोटं जुळवतंय, हे मला कानाने कळतं. रश्मी गप्प झाली होती ती भीतीने. दुपार कलायला लागली होती. रत्नागिरीहून पावसच्या रस्त्याला त्यांचं घर, रिक्षाने जाईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दारापुढच्या खळ्यात आंबापोळीची ताटं मांडलेली तशीच होती. माजघरात चटईवर कुसुमवन्सं डाव्या कुशीवर, पदर डोळ्यांवर ओढून, रोज झोपत तशाच झोपलेल्या. मी पदर बाजूला केला. चेहऱ्यावर त्रासाची रेघसुद्धा नव्हती. डॉक्टर येऊन गेले होते. "झोपेतच हृदय थांबलं," ते म्हणाले होते, "शेजारी मी स्वतः झोपलेला असतो तरी मला कळलं नसतं."

हे सगळं इतकं सविस्तर लिहिते आहे, त्याला कारण आहे. दिवसकार्य उरकल्यावर शोकसभा झाली आणि त्या सभेत, भर माईकवर, मला माझ्या नणंदेचं वेगळंच मरण ऐकवण्यात आलं. बोलत होते आमच्या मंदारचे 'सर'. मंदार हा वन्संचा मुलगा, रश्मीचा नवरा. आणि सर म्हणजे यशस्वी कसं व्हावं याची शिबिरं घेत जिल्हाभर फिरणारे एक गृहस्थ. सगळे त्यांना सर म्हणतात, कुठल्या शाळेचे ते मला अजून कळलेलं नाही. स्टेजवर त्यांनी वन्संच्या हसऱ्या फोटोचा फ्लेक्स लावून घेतला होता, 'कुसुमताईंच्या यशाच्या सवयी'. पहाटे उठणे, सतत कार्यमग्न राहणे, कधीही नकार न देणे, वगैरे वगैरे. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात मोठ्या अक्षरात: 'शेवटच्या श्वासापर्यंत काम'. सर म्हणाले, "मित्रहो, कुसुमताई गेल्या त्या हातात रसाचं पातेलं घेऊन! विश्रांती हा शब्द त्यांना माहीत नव्हता!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत एवढंही भान कोणाला उरलं नव्हतं.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "हे खोटं आहे. वन्संच्या हातात पातेलं नव्हतं. त्या जेवून झोपल्या होत्या, झोपेत गेल्या." सरांनी डोळे मिटून हात जोडले, मान हलवली, आणि म्हणाले, "मामींच्या भावना आपण सगळे समजू शकतो." पुन्हा टाळ्या! कोणीतरी मला धरून खाली बसवलं, कोणीतरी पाण्याचा पेला हातात दिला. खरं बोलणाऱ्या बाईला आपल्याकडे पाणी देतात. ते पाणी मी प्यायले नाही. घरी आले तरी अंगाचा तिळपापड होत होता, आणि आज इतके आठवडे झाले तरी तो थांबलेला नाही. म्हणून हा लेख. ज्यांना हळवं काही वाचायचं असेल त्यांनी पान उलटावं.

कुसुमवन्सं माझ्या यजमानांची थोरली बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना बघून मला धडकी भरली होती. आवाज असा की खळ्यातून हाक मारली तर रस्त्यावरच्या एसटीचा ड्रायव्हर ब्रेक लावेल. कौतुक करायची सवय नाही, चूक मात्र दिसली की लगेच जाहीर. त्यांचे यजमान मुंबईला नोकरीत, वर्षातून गणपतीला आणि शिमग्याला यायचे. ते वारल्यावर वन्संनी आंबापोळी, आमसुलं, तळलेले गरे करून विकायला सुरुवात केली आणि पुढे वाडीतल्या बायका हाताशी घेऊन त्याचा चांगला व्यवसाय केला. त्यांचं नाव झालं, सत्कार झाले, पेपरात फोटो आले. आणि हे त्यांना आवडायचं, बरं का! उगाच त्यांना साधीभोळी करू नये. सत्कार असला की आदल्या दिवसापासून साडीची निवड चालायची. शाल मिळाली की मला दाखवत, "बरी आहे गो शैले, दुपारी अंगावर घ्यायला."

दुपारी अंगावर घ्यायला. हेच तर त्या फ्लेक्सवर कुठे नव्हतं. वन्सं पहाटे उठत हे खरं. रस काढून, गाळून, ताटांत ओतून ऊन यायच्या आत ताटं खळ्यात जायला हवीत, म्हणून उठत. यश मिळावं म्हणून कोणी आंबे पिळत नाही. पण दुपारचं जेवण झालं की वन्सं हातपाय धूत, माजघरात चटई टाकत आणि जाहीर करत, "मी आडवी होत्ये." मग कोणी येवो. तलाठी येवो, मुंबईचं गिऱ्हाईक येवो, त्या उठत नसत. एकदा मोठ्या दुकानाचा माणूस गाडी घेऊन आला होता, तो ओटीवर घोरणं ऐकत बसला आणि शेवटी स्वतःच पेंगायला लागला. आणि त्या एकट्याच झोपत असंही नाही. कामाच्या बायकांनीही पडवीत आडवं व्हायचं, हा नियम. नव्याने आलेली बाई संकोचाने आमसुलं निवडत बसली तर तिच्या हातातलं सूप काढून घेत. म्हणत, "ऊन काम करतंय ना तिकडे? मग आपण कशाला त्याच्या मध्ये मध्ये?"

हा हट्ट कुठून आला ते मला माहीत आहे. वन्संचं सासर मोठं, खटल्याचं. दुपारी ओटीवर पुरुषमंडळी ओळीने घोरायची आणि आत सुना तांदूळ निवडायच्या, नारळ खोवायच्या, चार वाजताच्या चहाची तयारी करायच्या. एका वर्षी, मंदार तान्हा असताना, वन्संना चुलीपुढे बसल्या बसल्या डुलकी लागली आणि हात निखाऱ्यावर गेला. मनगटावरचा तो डाग शेवटपर्यंत होता. त्यावर सासूबाई काय म्हणाल्या असतील? "लोळायची सवय लागली की असंच व्हायचं." पुरुष झोपला की वामकुक्षी, बाई झोपली की लोळणं! वन्संनी मला ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या हसत होत्या. मला मात्र तेव्हाही संताप आला होता आणि लिहिताना आत्ताही येतो आहे. पुढे वाटण्या होऊन स्वतःचं घर झालं, त्या पहिल्याच दुपारी वन्संनी दार लोटून घेतलं आणि चटई टाकली. त्यांनी आयुष्यात मिळवलेली ही पहिली गोष्ट. बाकीचं सगळं, आंबापोळीसुद्धा, त्यानंतरचं.

मंदार मुंबईची नोकरी सोडून आईच्या धंद्यात आला तेव्हा आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं. मुलगा चांगला आहे, कष्टाळू आहे. मग तो चिपळूणला या सरांच्या शिबिराला गेला आणि दुसराच माणूस होऊन परत आला. पहाटे थंड पाण्याने अंघोळ, मग पडवीतल्या आरशासमोर उभं राहून मोठ्याने, "मी यशस्वी आहे, मी यशस्वी आहे." वन्सं काही दिवस ऐकत राहिल्या. एके सकाळी चहाचा कप त्याच्या हातात देत म्हणाल्या, "होय रे बाबा, पण सांगतोयस कोणाला? आरसा काय नाय म्हणणार आहे?" रश्मीला हसू आवरेना. मंदार चिडला नाही. आई नकारात्मक विचार करते, एवढंच म्हणाला. आईला नकारात्मक म्हणणारा मुलगा मी पहिल्यांदाच बघत होते.

मग त्याची नजर दुपारवर गेली. सरांनी त्याला सांगितलं होतं, की यशस्वी माणूस आणि सामान्य माणूस यांच्यातला फरक दुपारी दिसतो. वन्सं नेमक्या तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे मुक्कामाला आल्या होत्या. त्यांच्या मागे मंदारने पडवीतलं झोपणं बंद केलं आणि त्या वेळेत बायकांना पोळीवर दुसरा थर ओतायला लावला. वास्तविक एक थर उन्हात पुरता सुकला, की दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा ओततात. हे त्या घरातल्या मांजरालाही माहीत आहे. मंदारलाही माहीत होतं! लहानपणापासून तो ती ताटं राखत आला आहे. पण भरभराट करायची घाई अशी डोक्यात गेली, की ओल्या थरावर ओला थर चढत गेला. वरून पोळी दिसायला झकास, आणि कापली की आत आंबलेली, बुरशी धरलेली. सगळा माल माडाच्या आळ्यात गेला. वन्सं डोळ्याला हिरवी पट्टी लावून परत गेल्या, त्यांनी सगळं बघितलं. सर समजूत घालायला घरी आले. म्हणाले, "ताई, या अनुभवातून आपण काय शिकलो, ते महत्त्वाचं." वन्सं म्हणाल्या, "दुपारी झोपावं, हे शिकलो."

यानंतर पडवीत बायका पुन्हा आडव्या व्हायला लागल्या आणि मला वाटलं, संपलं. पण सरांसारखी माणसं इतक्या सहज सोडत नाहीत. त्यांनी वन्संनाच आपल्या कार्यक्रमाला बोलावलं, सत्कार केला आणि स्टेजवर विचारलं, "ताई, तुमच्या यशाचं रहस्य काय?" वन्सं नवी साडी नेसून, माईक अगदी ओठांशी धरून म्हणाल्या, "दुपारची झोप." लोक खदखदून हसले. सरही हसले, "ताई फार विनोदी आहेत," म्हणाले. मी पुढच्याच रांगेत होते, मी शपथेवर सांगते, वन्संनी विनोद केला नव्हता. नंतर त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ मोबाइलवर फिरला. त्यात सर प्रश्न विचारतात आणि लगेच वन्सं म्हणतात, "मेहनत करायला लागते." मधलं वाक्य कापून टाकलेलं. जिवंतपणी एक वाक्य कापलं, मेल्यावर अख्खं मरणच बदललं.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी मंदारला घरी बोलावून घेतलं आणि सरळ विचारलं, की आईबद्दल असं खोटं का सांगू दिलंस? तो खाली मान घालून बसला. मग हळूच म्हणाला, "मामी, रश्मीसाठी." त्या दुपारी रश्मी वन्संच्या शेजारीच झोपली होती. एकाच चटईवर. जाग आली तेव्हा तिने सासूला हाक मारली आणि... भेटायला आलेल्या बायकांत लगेच कुजबुज सुरू झाली होती. सून शेजारी घोरत पडली आणि सासू गेली, हिला पत्ता नाही. काय ती झोप म्हणायची! मंदारच्या कानावर ते आलं. त्याने सरांना सांगितलं आणि सरांनी तोडगा काढला, की आई काम करताना गेल्या असं सांगू, म्हणजे बोलणाऱ्यांची तोंडं बंद होतील आणि ऐकणाऱ्यांना प्रेरणाही मिळेल. "त्यात वाईट काय झालं मामी?" मंदारने विचारलं. मला त्या क्षणी त्याची कीव आली आणि रागही तितकाच आला. अरे, बायको झोपली होती हे लपवायचं कशाला? झोपणं हा गुन्हा आहे का? तिने काय सासूला विहिरीत ढकललं होतं?

रश्मीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ती लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर भांड्यांच्या ढिगाकडे निघाली, तर वन्संनी तिला मनगट धरून माजघरात नेलं. पोरीला वाटलं, काहीतरी चुकलं. वन्संनी चटईची अर्धी बाजू हाताने झटकली आणि म्हणाल्या, "झोप गो. या घरात सून दुपारी झोपते." रश्मी मला म्हणाली होती, "मामी, मी त्या दिवशी झोपले नाही, नुसती रडले. माझी आईसुद्धा कधी दुपारी झोपलेली मी बघितली नव्हती." तेव्हापासून दोघी शेजारी शेजारी झोपत आल्या. दिवसभर भांडायच्या, हां! रस पातळ झाला, मीठ जास्त पडलं, यावरून रोज काहीतरी चालायचंच. दुपारी मात्र एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे, आणि दोघी गाढ.

गेल्या आठवड्यात मी न कळवता, मुद्दाम जेवणानंतरच्या वेळी त्यांच्याकडे गेले. रणरणत्या उन्हात रश्मी खळ्यात उभी होती आणि ताटं इकडून तिकडे सरकवत होती. ती सरकवायची काही गरज नव्हती. डोळे खोल गेलेले, हाडं वर आलेली. पडवीत बायका चिडीचूप आमसुलं निवडत बसलेल्या, आडवं कोणीच नाही. आणि त्यांच्या डोक्यावर भिंतीला तोच सभेतला फ्लेक्स. वन्सं हसतायत आणि खाली 'शेवटच्या श्वासापर्यंत काम'. मी रश्मीला ओढून आत नेलं, पाणी दिलं. विचारलं, "झोप येत नाही का तुला?" म्हणाली, "येते मामी. पण डोळे मिटले की वाटतं, उठेन तेव्हा शेजारी..." पेला खाली ठेवून म्हणाली, "मी जागी असते तर?" मी तिला डॉक्टरांचं बोलणं पुन्हा सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि भिंतीकडे बोट केलं. "मामी, ते घरातच लिहून ठेवलंय ना, आई काम करताना गेल्या म्हणून. मी झोपले होते त्यात चूक नव्हती, तर मग हे लपवलं कशाला?"

मी उठले. कोयती घेतली आणि फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. पडवीतल्या बायका बघत राहिल्या, एकीने पुढे होऊन खालचं टोक धरलं. फ्लेक्स गुंडाळून लाकडांच्या ढिगाआड टाकला, पावसाळ्यात झाकायला होईल. मग मी माजघरात चटई टाकली. रश्मी दारात उभी होती. म्हटलं, "ये." आली, बसली, कडेला अंग टेकलं. वन्संची बाजू तिने मोकळी ठेवली होती. पदर डोळ्यांवर घेता घेता एकदम म्हणाली, "मामी, तुम्ही नाही ना झोपणार?" मी म्हटलं, "नाही गो. मी बसल्ये." मग ती इतक्या पटकन झोपली की मीच घाबरले आणि श्वास बघितला. चालू होता, चांगला खोल.

मी उंबऱ्यावर बसले होते तेव्हा गाडी आली. मंदार, सर, आणि कॅमेरावाला. सरांना 'वारसा' नावाचा व्हिडिओ करायचा होता. भर उन्हात काम करणारी सून, मागे सासूचा फ्लेक्स. मी उठून दारात उभी राहिले. म्हटलं, "सून झोपली आहे. आत्ता कोणी भेटणार नाही." सर हसले, वन्संच्या सत्काराच्या वेळी हसले होते तसेच. "मामी, कुसुमताई असत्या तर त्यांनी आम्हाला असं दारात उभं केलं नसतं." मी म्हटलं, "कुसुमवन्सं असत्या तर तुम्ही आलात हे त्यांना कळलंसुद्धा नसतं. त्या झोपल्या असत्या." सरांनी मंदारकडे बघितलं. मंदार रिकाम्या भिंतीकडे बघत होता. मग त्याने माझ्या खांद्यावरून आत, माजघरात बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिला. सरांना तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण गाडी परत गेली.

तो येऊन माझ्या शेजारी उंबऱ्यावर बसला. पडवीत एकेक बाई सूप बाजूला ठेवून आडवी होत होती. "मामी," तो म्हणाला, "आईला त्रास नाही ना झाला?" शोकसभा झाली, व्हिडिओ ठरले, आणि हा साधा प्रश्न पोराला आज विचारायला सुचला... मी म्हटलं, "नाही रे. तुझी आई सुखाने झोपली होती." त्याने तळहाताने डोळे पुसले. माझा मात्र पारा पुन्हा चढला. "आणि हे तू सगळ्यांना सांगायचं आहेस," मी आवाज चढवला, "त्याच सभागृहात, त्याच माईकवरून, माझी आई झोपेत गेली आणि माझी बायको तिच्या शेजारी..."

मंदारने माझ्या हातावर हात ठेवला. "सांगेन मामी," तो म्हणाला, "पण हळू बोला. ती झोपलीय."